गाडीच्या स्पीकरमधली शिट्टी: आधी ती शिरते कुठून ते बघा

तुमची अडचण मला समजली ती अशी. गाडीतलं कंपनीचं हेड युनिट, म्हणजे डॅशबोर्डमधला म्युझिक सिस्टिमचा मुख्य डबा, काढून नवीन बसवलं, डिकीत चार चॅनलचा ॲम्प (सिग्नल मोठा करून स्पीकरला देणारा ॲम्प्लिफायर) आणि सबवूफर (खालच्या सुरांचा मोठा स्पीकर) घातला. गाणी छान वाजतात. पण इंजिन चालू केलं की पुढच्या स्पीकरमधून बारीक शिट्टी येते, आणि रेस दिली की तिचा सूर वर चढत जातो. बसवणाऱ्याने पॉवरच्या वायरमध्ये नॉइज फिल्टर टाकून दिला. शिट्टी थोडी दबली, गेली नाही. आता एक जण भारी आरसीए केबल (हेड युनिटमधून ॲम्पपर्यंत गाण्याचा सिग्नल नेणारी वायर) घ्या म्हणतो, दुसरा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज तयार करणारं यंत्र) बदला म्हणतो, आणि यातलं आधी काय करायचं असं तुम्ही विचारताय.

आधी यातलं काहीच करू नका. गाड्यांच्या ऑडिओ वायरिंगचं काम मी बरीच वर्षं करतो आहे, आणि अशा तक्रारीत नवीन वस्तू विकत घ्यावी लागण्याची वेळ माझ्यावर फार कमी वेळा आली आहे. शिट्टी अल्टरनेटरची आहे हे तिच्या चढण्या-उतरण्यावरूनच कळतं, त्यासाठी कुणाला विचारायची गरज नाही. खरा प्रश्न वेगळा आहे: ती तुमच्या सिग्नलमध्ये शिरते कुठून? ती जागा सापडली की इलाज बहुतेक वेळा एका पान्याचा आणि पॉलिश पेपरच्या तुकड्याचा असतो. जागा न शोधता फिल्टर लावणं म्हणजे गळका नळ तसाच ठेवून खाली बादली ठेवणं.

अल्टरनेटरवर संशय घेण्याआधी तो करतो काय ते बघा. तो मुळात तीन फेजचा एसी तयार करतो. आतले डायोड त्याचा डीसी करतात, पण तो डीसी सपाट नसतो, त्यावर बारीक लाटा उरतात. नेहमीच्या बारा पोलच्या अल्टरनेटरमध्ये रोटरच्या एका फेऱ्याला अशा ३६ लाटा येतात. इंजिन ८०० आरपीएमवर आहे आणि पुलीमुळे अल्टरनेटर अडीचपट वेगाने फिरतो असं धरा. म्हणजे २०००चा वेग, सेकंदाला ३३ फेरे, आणि लाटा झाल्या १२००. बाराशे हर्ट्झ! कानाला लगेच जाणवणारा सूर. रेस देऊन इंजिन ३०००वर नेलं की हाच सूर ४५०० हर्ट्झला पोचतो. तुमची चढणारी शिट्टी ती हीच. पुलीचं प्रमाण गाडीगणिक बदलतं म्हणून आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण हिशोब हाच. आणि मुख्य म्हणजे या लाटा धडधाकट अल्टरनेटरमध्येही असतातच. बॅटरी त्यातल्या बऱ्याचशा पिऊन टाकते. तुमच्या शेजारच्या गाडीत त्या आहेत, पण स्पीकरमधून ऐकू येत नाहीत, कारण तिथे त्यांना आत यायला वाट मिळालेली नाही.

ही वाट बहुतेक वेळा अर्थची असते. अर्थ म्हणजे उपकरणाची निगेटिव्ह बाजू, जी गाडीच्या पत्र्याला, म्हणजे बॉडीला जोडलेली असते. हेड युनिटचा अर्थ डॅशबोर्डच्या मागे बॉडीला जोडलेला, ॲम्पचा अर्थ डिकीत बॉडीला जोडलेला, आणि या दोघांना जोडणारी तिसरी वायर म्हणजे आरसीए केबलची बाहेरची जाळी. असा एक पूर्ण वळसा तयार होतो. बॉडीतून हेडलाइट, ब्लोअर, पंखा, बॅटरीचं चार्जिंग या सगळ्यांचा करंट परत जात असतो, त्यामुळे बॉडीच्या दोन ठिकाणी व्होल्टेज अगदी सारखं कधीच नसतं. वर ॲम्पच्या अर्थचा जोड कच्चा असेल तर बघायलाच नको. ॲम्प ३० अँपिअर ओढतोय आणि जोडात फक्त १० मिलिओहमचा अडथळा आहे असं धरा, तरी ०.३ व्होल्टचा फरक पडला. तुम्ही हळू आवाजात गाणं ऐकता तेव्हा आरसीएमधून येणारा सिग्नल याच्याहून लहान असतो. ॲम्पला गाणं कुठलं आणि अर्थमधली लाट कुठली हे कळत नाही, तो दोन्ही सारखंच मोठं करून स्पीकरला देतो.

काही गोष्टी तुमच्या गाडीवर अवलंबून आहेत. बॅटरी बॉनेटखाली आहे की मागे, ॲम्पची पॉवर वायर आणि आरसीए एकाच बाजूने आणल्या आहेत का, हेड युनिटला अर्थ कंपनीच्या हार्नेसमधून (वायरींच्या जुडग्यातून) मिळतो की वेगळा दिला आहे. त्यामुळे दोष अमुकच आहे असं मी सांगत नाही. तो कसा शोधायचा ते सांगतो, म्हणजे तुमची गाडी स्वतःच उत्तर देईल.

सगळ्यात आधी तो फिल्टर काढून बाजूला ठेवा. तो मध्ये असला तर शिट्टी अर्धवट ऐकू येते आणि चाचण्या फसतात. आणखी एक, आणि हे मनापासून सांगतो: आरसीएच्या पिना काढताना किंवा घालताना हेड युनिट आणि ॲम्प दोन्ही बंद हवेत. का ते पुढे येईलच. पॉवर वायरला हात लावायचा असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह सोडा. आणि अल्टरनेटर तपासायला म्हणून इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कधीही काढू नका. त्या क्षणी व्होल्टेज एकदम उसळतं आणि गाडीतला एखादा महागाचा कंट्रोलर जाऊ शकतो.

आता इंजिन चालू ठेवा आणि हेड युनिटचा व्हॉल्यूम शून्यावर न्या. शिट्टी तशीच आहे का? शून्यावरही ती तेवढीच राहिली तर ती व्हॉल्यूमच्या नॉबच्या पुढे कुठेतरी शिरते आहे, म्हणजे आरसीए, अर्थ किंवा ॲम्प. व्हॉल्यूमबरोबर ती वाढत-घटत असेल तर ती नॉबच्या आधीच शिरते, म्हणजे गाणं जिथून येतं तिथून. अशा वेळी सोर्स बदलून पाहा. रेडिओवर येते आणि यूएसबीवर नाही, तर अँटेनाचा अर्थ किंवा अँटेनाच्या बूस्टरची पॉवर तपासा. ऑक्सच्या वायरने (हेडफोनच्या भोकातून) लावलेल्या फोनवर येते, आणि फोन गाडीच्या चार्जरला लावलेला आहे? मग चार्जरची वायर काढून पाहा. शिट्टी त्याच क्षणी गेली तर तोही अर्थचाच वळसा आहे, फक्त चार्जरमार्फत बंद झालेला. ऑक्सच्या वायरमध्ये हा वळसा तोडणारा छोटा ग्राउंड लूप आयसोलेटर घातला की काम होतं, किंवा गाणी ब्लूटूथवरून लावा.

तुमच्या वर्णनावरून मला वाटतं शिट्टी शून्यावरही राहील. तर पुढे चला.

जुन्या आरसीए केबलच्या दोन पिना कापून घ्या आणि प्रत्येकीची आतली वायर व बाहेरची जाळी एकमेकींना जोडून टाका. सोल्डर केलं तर उत्तम, नुसतं पीळ देऊन टेप लावली तरी चालेल. अशा जोड्या माझ्या पेटीत कायम असतात आणि मी मल्टीमीटरपेक्षा जास्त त्यांच्यावर विसंबून असतो. सगळं बंद करून ॲम्पच्या इनपुटमधून खऱ्या आरसीए काढा, तिथे या पिना घाला, मग इंजिन चालू करा. ॲम्पला चालू करणारी रिमोटची वायर हेड युनिटवरूनच येत असेल, तेव्हा हेड युनिट चालू ठेवायला विसरू नका, नाहीतर ॲम्पच चालू होणार नाही आणि शिट्टी गेली असा भास होईल.

आता शांत झालं, तर ॲम्प, त्याची पॉवर आणि स्पीकरच्या वायरी निर्दोष आहेत, शिट्टी आरसीएच्या वाटेने येते. अजूनही शिट्टी आहे, तर दोष ॲम्पच्या बाजूला आहे: त्याचा स्वतःचा अर्थ, दरवाज्यात चिमटून बॉडीला टेकलेली स्पीकरची वायर, किंवा ॲम्पची बॉडी स्क्रूंमधून थेट पत्र्याला लागलेली. ॲम्प उचलून लाकडी फळीवर ठेवून ऐकलं की हे शेवटचं लगेच कळतं.

इथे एक काम आठवतं. डिकीतला अर्थ बघितला तर काम दिसायला सुबक होतं. थिंबल (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) चकचकीत, बोल्ट घट्ट, वर उष्णतेने आक्रसणारी नळीसुद्धा. मालक म्हणाले, अर्थ तर उत्तम आहे, तीन जणांनी ओहमवर मोजून पाहिला. मी मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवला, एक टोक लांब वायरने थेट बॅटरीच्या निगेटिव्ह पोलला लावलं आणि दुसरं ॲम्पच्या अर्थच्या स्क्रूला. इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू, गाणं मध्यम आवाजात. मीटरवर ०.४२ व्होल्ट. बोल्ट सोडला तर थिंबलखाली कंपनीचा रंग जसाच्या तसा होता, वर थिंबलच्या गोल कडेचा नुसता ठसा उमटलेला. सगळा करंट बोल्टच्या आट्यांमधून जेमतेम वाट काढत होता. पॉलिश पेपरने नाण्याएवढी जागा घासून पत्रा चमकेपर्यंत मोकळा केला, थिंबल थेट पत्र्यावर ठेवून वर दात असलेला वॉशर दिला, बोल्ट आवळला. पुन्हा मीटर लावला, ०.०३. शिट्टी गेली होती. काम झाल्यावर त्या जोडावर ग्रीस चोपडलं, कारण उघडा पत्रा गंजला की तीच रड परत सुरू होते.

ही मोजणी तुम्हीही करा. ०.१ व्होल्टच्या आत आकडा आला तर मी अर्थ चांगला मानतो. ०.२च्या वर असेल तर बाकी काहीही करण्याआधी तोच दुरुस्त करतो. अर्थ ओहमवर मोजू नका. मीटरच्या स्वतःच्या वायरींतच ०.२ ते ०.५ ओहम असतात आणि आपण शोधतोय मिलिओहम, म्हणून ओहमवर वाईट अर्थही चांगलाच दिसतो. तीन जणांनी पाहूनही तो दोष निसटला तो याचमुळे. करंट वाहत असताना व्होल्टेज किती पडतं, तेच खरं. ॲम्पची अर्थ वायर पॉवरच्या वायरइतकीच जाड हवी आणि दीड फुटाच्या आत संपायला हवी. सीट बेल्टचा बोल्ट अर्थसाठी वापरू नका. त्याच्या आट्यांना बहुधा लॉकिंगचं रसायन असतं, म्हणून संपर्क नीट होत नाही, आणि जीव वाचवणारा बोल्ट आपण ऑडिओसाठी उघडावा हे मला मुळीच पटत नाही.

आता दुसरी शक्यता, आरसीएच्या वाटेने येणारी. फोन घ्या, चार्जरशिवाय, आणि ऑक्स ते आरसीए अशा वायरने तो डिकीतच थेट ॲम्पला जोडा. शिट्टी नाही? मग ॲम्प सुटला. आता हेड युनिट पुन्हा जोडा, पण गालिच्याखालून गेलेली केबल सोडून दुसरी कुठलीही आरसीए, साधी असली तरी चालेल, सीटवरून मोकळी टाकून. शिट्टी गेली तर जुनी केबल चिरडलेली आहे किंवा पॉवर वायरला चिकटून गेली आहे. राहिली तर दोष हेड युनिटकडे. केबल बदलण्याचा सल्ला खरा की खोटा हे या एका चाचणीत कळतं, म्हणून भारी केबल घेण्याआधी हे नक्की करा. पॉवर वायर आणि आरसीए वेगवेगळ्या बाजूंनी न्याव्यात हे बरोबरच आहे, मीही तसंच करतो, आणि एकमेकींना ओलांडायची वेळ आली तर काटकोनात ओलांडतो. पण माझ्या हाताखालून गेलेल्या शिट्ट्यांमध्ये वायरी शेजारी असणं हे एकटं कारण फार थोड्या वेळा निघालं. बहुतेकदा अर्थ सुधारला की शेजारी असलेल्या वायरीही शांत राहिल्या.

हेड युनिटवर संशय आला तर आधी त्याचा अर्थ. कंपनीच्या हार्नेसमधली अर्थची वायर बारीक असते आणि वाटेत दुसऱ्या उपकरणांनाही जोडलेली असते. एक जाड वायर हेड युनिटच्या मागच्या धातूच्या भागापासून डॅशबोर्डच्या आतल्या मोकळ्या पत्र्यापर्यंत तात्पुरती धरून ऐका. फरक पडला तर ती कायमची करा. मात्र डॅशबोर्ड उघडताना पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसले तर त्यांना हात लावू नका, ते एअरबॅगचे असतात.

तेवढ्याने गेली नाही तर एक असा दोष तपासा जो फार लोकांना माहीत नसतो. बऱ्याच हेड युनिटमध्ये आरसीएच्या बाहेरच्या कड्याला आतला अर्थ एका अगदी बारीक फ्यूजमधून किंवा सर्किट बोर्डवरच्या केसासारख्या रेषेतून जोडलेला असतो. ॲम्पचा अर्थ सुटलेला असताना, किंवा सगळं चालू असताना कुणी आरसीए ओढली-खोचली, तर ॲम्पचा करंट त्या रेषेतून परत जायला बघतो आणि ती जळते. त्यानंतर सगळ्या चॅनलवर जोरदार शिट्टी येते आणि अर्थ कितीही सुधारला तरी हटत नाही. पिना काढताना सगळं बंद ठेवा असं वर कळकळीने सांगितलं ते यासाठीच. तपासणं सोपं आहे: वायरचा एक तुकडा घ्या, एक टोक आरसीएच्या बाहेरच्या कड्याला टेकवा, दुसरं हेड युनिटच्या धातूच्या बॉडीला. शिट्टी कापल्यासारखी थांबली तर रोग हाच. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा वायर टेकवली की शांतता, उचलली की शिट्टी, असं चार-पाच वेळा करून पाहिलं, इतका फरक स्पष्ट होता. कायमचा इलाज म्हणजे आतला फ्यूज जाणकाराकडून बदलून घेणं. तोवर कड्याला वायर गुंडाळून बॉडीला जोडली तरी चालतं.

इथवर आलात की शिट्टी बहुधा सापडलेली असेल. आता गेनबद्दल, कारण तो चुकीचा लावला की किरकोळ आवाजही मोठा होतो. ॲम्पवरचा गेन हा आवाज वाढवायचा नॉब नाही. हेड युनिट जेवढा सिग्नल देतं तेवढ्यात ॲम्पने पूर्ण ताकद द्यावी, म्हणून तो जुळवायचा असतो. हेड युनिटचा सिग्नल ४ व्होल्टचा असेल आणि गेन अर्ध्या व्होल्टसाठी लावलेला असेल, तर वाटेत शिरलेला आवाज गरजेपेक्षा आठपट मोठा होतो. गेन पूर्ण कमी करा, हेड युनिट पाऊण व्हॉल्यूमला न्या, आणि गाणं फाटायच्या जरा अलीकडे येईपर्यंत गेन हळूहळू वाढवा. बास बूस्ट बंद ठेवा. इंजिन बंद असतानाही येणारी एकसारखी सूं-सूं बहुतेक वेळा एवढ्यानेच ऐकू येईनाशी होते.

अल्टरनेटर खरंच दोषी असतो का? कधीकधी असतो. ॲम्प बसवल्याला वर्षं झाली, काही बदललं नाही आणि शिट्टी एकाएकी सुरू झाली, सोबत बॅटरीही उतरायला लागली, तर एखादा डायोड गेला असण्याची शंका येते. इंजिन चालू आणि दिवे लावलेले असताना बॅटरीच्या दोन टोकांवर एसी मोजा. दहा-वीस-तीस मिलिव्होल्ट दिसणं ठीक, अर्धा व्होल्ट दिसला तर अल्टरनेटर उघडून दाखवा. एवढंच लक्षात ठेवा की काही स्वस्त मीटर एसीवर ठेवून बॅटरी मोजली तर थेट २५-३० व्होल्ट दाखवतात. तो मीटरचा दोष आहे, तो डीसी अडवत नाही. त्या आकड्यावरून अल्टरनेटर बदलायला जाऊ नका. तुमच्या बाबतीत शिट्टी ॲम्प बसवल्या दिवसापासून आहे, म्हणून मी अल्टरनेटर यादीत सगळ्यात खाली ठेवेन.

शिट्टीऐवजी रेसबरोबर वेगावणारी टकटक असती तर मी स्पार्क प्लग आणि त्यांच्या वायरींकडे वळलो असतो. रेसशी संबंध नसलेली एकाच सुरातली गुणगुण बहुधा पेट्रोल टाकीतल्या पंपाची असते, ती चावी फिरवून इंजिन चालू न करताही काही क्षण ऐकू येते. तुमचं वर्णन या दोन्हींशी जुळत नाही.

ग्राउंड लूप आयसोलेटर आरसीएमध्ये टाकण्याचा मोह होईल. त्यात छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, ते अर्थचा वळसा तोडतात आणि शिट्टी जातेही. पण साधे ट्रान्सफॉर्मर खालचे सूर पूर्ण पुढे देत नाहीत, आणि तुम्ही तर सबवूफर घातला आहे. वर दिलेलं सगळं करून झालं आणि तरी दोन अर्थमधला फरक मिटत नाही, अशाच वेळी मी तो लावतो, आणि शक्यतो फक्त पुढच्या स्पीकरच्या चॅनलला.

सुरुवात दोन गोष्टींपासून करा. व्हॉल्यूम शून्यावर नेल्यावर शिट्टी राहते की जाते, आणि बॅटरीच्या निगेटिव्हपासून ॲम्पच्या अर्थपर्यंत मीटर किती दाखवतो. ही दोन उत्तरं आणि आरसीएऐवजी जोडलेल्या पिना घातल्यावर काय झालं, एवढं कळवलंत तर पुढे कुठला पॅनेल उघडायचा ते मी नेमकं सांगू शकेन.